वसईला मडगार्डं बसवायला

वसईला लोक किल्ला बघायला जातात, सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी आणायला जातात, नाहीतर कुणाच्या लग्नाला जातात. मी गेलो जीपला मडगार्डं बसवायला. गेलो तेव्हापासून माझा जीव जो टांगणीला लागला, तो आज घरी बसून हे लिहितानाही पुरता खाली आलेला नाही. ज्यांना मडगार्ड म्हणजे चिखल अडवणारा एक पत्रा एवढंच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी सगळं सांगतो.

आमचं गाव मोखाड्याकडच्या डोंगरात. माझी बायको शैला तिथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे. मी तिचा नवरा, ड्रायव्हर, वेळ पडली तर कंपाउंडर, आणि रोजची बोलणी खाणारा हक्काचा माणूस. दवाखान्याची जीप लष्कराने काढून टाकलेली. नदीच्या पात्रातून जावं लागतं म्हणून गेल्या वर्षी तिला मोठे, जाड नक्षीचे टायर घातले. टायर मोठे झाले, पण त्यांच्यावरची पुढची मडगार्डं तीच जुनी राहिली. मागे माणसं बसली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या कडेला घासायचा. खर्रर्र! होळीच्या सुमाराला घाटातल्या वळणावर असंच घासून टायर फाटला. मागे पेशंट होता. गाडी कठड्याला टेकून थांबली म्हणून आम्ही आहोत.

त्यात आता कमळ. शाळेच्या शिपायाची, गणपतची बायको. पोटात जुळं, आणि आधीचं मूल पोट फाडून काढलेलं. गावात हिचं बाळंतपण करायचं नाही, नाशिकच्या इस्पितळात न्यायचं, हे शैलाने कधीच ठरवलं होतं. एसटी नदीच्या पलीकडे थांबते, म्हणजे न्यायचं ते आमच्या जीपमधूनच.

"रविवारी सकाळी हिला हलवायची," शैला म्हणाली. "त्यापुढे एक दिवस मी थांबणार नाही. आणि ह्या मडगार्डांवर तर मुळीच नेणार नाही. काय करायचं ते करा."

टायर विकणाऱ्याने एक नाव सांगितलं होतं. वसईचा इनास. जीपची मडगार्डं करावीत तर त्यानेच, म्हणाला. मी कॅलेंडर काढलं. अमावास्या नव्हती. शुक्रवार लाल अक्षरात होता, म्हणजे सुट्टी. म्हटलं, वा! बुधवारी पोचायचं, गुरुवारी काम सुरू करायचं, शुक्रवारी सुट्टीमुळे गॅरेजवाल्यालाही निवांत वेळ, शनिवारी परत. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूष होतो की शैलालाही ते दोनदा ऐकवलं.

बुधवार, वालीव

इनासचं घर पापडी गावाच्या पलीकडे, केळीच्या वाडीत. पुढे विहीर, बाजूला पानवेलींचा मांडव, आणि मांडवाला लागून पत्र्याची शेड, तेच गॅरेज. आमच्याकडे त्या दिवसांत झाडाला पान नसतं, विहिरीचा तळ दिसतो. इथे पाटातून पाणी वाहत होतं, सगळीकडे ओला गारवा. मला मात्र त्या गारव्यातही घाम फुटत होता.

इनास चाळिशीचा, आडव्या हाडाचा, हळू बोलणारा. घरात ते आपसांत जी बोली बोलत ती मला अर्धीमुर्धी कळे. माझ्याशी शाळेतलं मराठी. त्याने जीपखाली डोकं घातलं, चाक डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, आणि विचारलं, "मागे किती माणसं बसतात?"

"बसतात चार. कधी आठ."

"मग टायर नाही फाटणार तर काय होणार, भाऊ?"

निवड करायची होती तीन प्रकारांत. एक, शेडमध्ये टांगलेली लष्करी मडगार्डं. जाड पत्रा, मजबूत, पण आमच्या जुन्यांसारखीच अरुंद. दोन, तेलाचा ड्रम कापून केलेली. हलकी, पण हात मारला की थरथरायची. तीन, वालीवला एका कारखान्यात पत्रा वाकवून मिळतो, त्याची नवी करायची. रुंद, टायरवर उंच, पुढून आखूड.

मी म्हटलं, लष्करीच घेऊ. मग म्हटलं, नको, वालीवची. मग वाटलं, आखूड मडगार्डातून नदीतले गोटे उडून काचेवर आले तर? इनासने मला सरळ गाडीत बसवलं आणि वालीवला नेलं. वालीव म्हणजे भाताची खाचरं आणि मधूनच उगवलेल्या शेड. एकीत मशीनवर पत्रा वाकवत होते. मी त्या पत्र्याला इतक्यांदा बोट लावून बघितलं की तिथला माणूस म्हणाला, "पाव्हणं, साडी घेताय का मडगार्ड?"

शेवटी वालीवचीच ठरवली. परतताना पुन्हा शंका आली. ती मी गिळली.

रात्रीच्या जेवणात भात, वालाच्या शेंगांची भाजी आणि खाडीतल्या मासळीचं कालवण होतं. मटण नव्हतं; तो त्यांचा उपवासकाळ होता, हे मला नंतर कळलं. वाढत होती इनासची आई, नातालीनबाई. बारीक चणीची, लाल चौकड्यांचं लुगडं, कानांत जड सोनं. मी कमळची सगळी हकीगत सांगितली. त्यांनी मध्येच विचारलं, "जुळं म्हणजे नक्की का? डॉक्टरीण काय म्हणते?"

"नक्की, आई."

"देव सांभाळील," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पानात आणखी भात घातला.

गुरुवार, इनासचं अंगण

सकाळीच काम सुरू झालं. जुनी मडगार्डं सुटेनात, बोल्ट गंजून एकजीव झालेले. इनासने छिन्नी लावून ते तोडले. जुनी मडगार्डं वाकडी होऊन अंगणात पडली. आता मागे फिरणं नव्हतं. जीपचं बॉनेट मडगार्डांनाच कड्यांनी अडकतं, आणि पुढची जाळी त्यांच्याच आधाराने उभी असते. मडगार्डं काढल्यावर ती जाळी दात पडल्यागत हलायला लागली. अशी गाडी घाटात नेणं शक्य नव्हतं.

दुपारी वालीवहून पत्रा आला. इनासने तो कापला, घासला, भोकं पाडली. काही भोकं जुळली, काही जुळेनात. ठोकून पत्रा सरकवायचा, मग बोल्ट घालायचे, एवढंच उरलं. ऊन उतरलं तसा तो घड्याळाकडे बघायला लागला. चर्चची घंटा वाजली, बराच वेळ वाजत राहिली. इनासने हातोडी पुसली. शेडमधल्या दुसऱ्या दोन हातोड्याही उचलल्या आणि तिन्ही घरात नेल्या. मी मागोमाग गेलो. नातालीनबाईंनी लाकडी पेटी उघडली, हातोड्या घड्या केलेल्या लुगड्यांवर ठेवल्या आणि कुलूप लावलं.

मी हसून म्हटलं, "अहो, उद्या लागणार त्या. उद्या सुट्टी आहे ना, दिवसभर काम करू!"

नातालीनबाईंनी किल्ली कमरेला खोचली. मग इनास म्हणाला, "भाऊ, उद्या गुड फ्रायडे. उद्या आमच्यात हातोडी उचलत नाहीत. खिळा ठोकत नाहीत. ज्या दिवशी प्रभूच्या हातांत खिळे ठोकले त्या दिवशी आम्ही कसे ठोकणार? ईस्टरची मिस्सा, चर्चमधली मोठी प्रार्थना, होईपर्यंत हातोडी पेटीत."

"म्हणजे रविवार!"

"रविवार."

लाल अक्षरातली सुट्टी बघून मी खूष झालो होतो. ती सुट्टी कशाची, हे एकदाही मनात आलं नव्हतं. आमच्याकडे सुट्टी म्हणजे शाळा बंद, कचेरी बंद, बस. मी इनासला हात जोडले. त्याचा चेहरा पडला. आईकडे वळलो.

"आई, बाईच्या जिवाचा प्रश्न आहे हो."

"कळतंय मला, बाबा," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते त्यांचे. पण किल्ली कमरेलाच राहिली. "फादरना विचार, ते हो म्हणतील. ते मोठ्या मनाचे आहेत. पण माझ्या घरात माझ्या सासूपासून ही पेटी अशीच बंद होते."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? अंगणात येऊन त्या मडगार्ड नसलेल्या जीपच्या टपावर मी हात आपटला. तिथे धर्मामामा उभा होता. हा नायगावच्या खाडीकडचा, मिठागरावर काम करणारा, इनासचा जुना दोस्त. पंपाचा एक भाग दुरुस्तीला घेऊन आला होता आणि सगळं ऐकत होता.

"भाऊ, रडताव कशाला?" तो म्हणाला. "माज्याकडं हातोडी हाय. मी काय ख्रिस्ती नाय. उद्या गाडी मिठागरावर आना. तिथनं आवाज गावात नाय येनार."

"आणि कुठे ठोकायचं ते कोण सांगणार?"

"ह्यो हाय की." त्याने माझ्यामागून अंगणात आलेल्या इनासकडे बोट केलं. "हात नको लावू. बोल फक्त."

इनासने दारातल्या आईकडे बघितलं. नातालीनबाईंनी अडवलं नाही, त्या चुलीकडे गेल्या. त्याने तो होकार धरला.

शुक्रवार, मिठागर

सकाळी घरात चूल थंड. एकाच जेवणाचा दिवस, तेही दुपारी, पेज आणि लोणचं. मला पाहुणा म्हणून चहा दिला, तो मी सगळ्यांदेखत कसा प्यालो ते माझं मलाच ठाऊक. शोकाचा दिवस म्हणून घंटा नव्हती. चर्चमधून लाकडावर लाकूड आपटल्याची खटखट येत होती. बायका काळ्या कपड्यांत बाहेर पडल्या. आमच्याकडे सण म्हणजे लाउडस्पीकर. इथे सगळं गाव दबक्या आवाजात बोलत होतं, कुत्र्यांनाही कुणी हाड म्हणत नव्हतं.

आम्ही बॉनेट आणि जाळी दोरीने बांधली आणि जीप रांगत रांगत मिठागरावर नेली. पांढरे ढीग, उथळ पाणी, डोळे दिपवणारं ऊन. सावलीला एक झोपडं. मिठागराच्या बांधावर जीप उभी केली आणि धर्मामामाने हातोडी काढली. इनास हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"वरनं नको, आतल्या अंगाने मार. हळू. आणखी एक. बस्स."

धर्मामामाचा हात दणकट, पण सवय पंपाची. पहिल्या ठोक्याला पत्र्यावर पोचा पडला. इनासचे खांदे असे वर आले की जणू त्यालाच लागलं. तो पुढे सरकायचा, हात सुटायचे, पुन्हा मागे बांधायचा. बोल्ट मी आवळले. डावं मडगार्ड बसलं, मग उजवं. बॉनेटच्या कड्या अडकल्या. जाळी गप्प झाली. मी इतका आनंदलो की धर्मामामाला मिठीच मारली.

"थांबा," इनास म्हणाला. "वजन घालून बघा. माणसांसाठी गाडी आहे ना?"

धर्मामामाने मागे मिठाची पोती लादली. मी गाडी बांधावर थोडी पुढे घेतली आणि स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं. आवाज नाही. उजवीकडे वळवलं.

खर्रर्र.

तोच आवाज. घाटातला. मी इंजिन बंद करून खाली उतरलो. उजव्या मडगार्डची आत वळवलेली कड एका जागी टायरला लागत होती. ती कड वर दुमडायची, एवढंच काम. मी ओरडलो, "मामा, मारा इथे! चार ठोके फक्त!"

धर्मामामाने आभाळाकडे बघितलं, मग इनासकडे, आणि हातोडी मिठाच्या ढिगावर ठेवली.

"तीन वाजले असतील. त्याचा जीव गेला ती येळ ही. आता मी पन नाय मारनार."

"अहो, तुम्ही हिंदू ना!" माझा तोल सुटला. "तुम्हाला काय त्याचं?"

"माजी आई गेली तवा ह्यांच्या घरात लगीन होतं," धर्मामामा म्हणाला. आवाज चढवला नाही. "ह्या नातालीनबायनं बँड परत पाठवला. नवरी बिनवाजाची आली. मला काय त्याचं म्हनताव?"

मी तिथेच बांधावर बसलो. डोळ्यांपुढे कमळ येत होती, दोन्ही हात पोटाखाली धरून चालणारी. चार ठोक्यांसाठी! ह्या लोकांवर रागावू तरी कसा, तेही कळेना. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

थोड्या वेळाने पाण्यात पावलं वाजली. इनास मडगार्डपाशी गुडघ्यांवर बसला होता. पाठीमागचे हात आता पुढे होते. त्याने ती कड चिमटीत धरली आणि वर दाबायला लागला.

"इनास, हाताने? जाड पत्रा आहे तो!"

"ठोकणार नाही मी," तो म्हणाला. "हात आहेत तेवढे लावतो. तुम्हीही लावा."

आम्ही तिघे लागलो. अंगठे खाली, बोटं वर, श्वास धरून. पत्रा हलेना, मग केसभर हलला. उन्हाने तो तापलेला होता. धर्मामामाने अंगरखा काढून बोटांना गुंडाळला, मी रुमाल. इनासचे हात उघडे. कडेचं एक टोक त्याच्या तळव्यात घुसलं तेव्हा त्याने फक्त दात आवळले. सूर्य खाडीकडे कलला तेव्हा ती कड लाटा लाटांनी का होईना, वर गेली होती.

पोती मागे होतीच. मी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं, पुरतं, शेवटापर्यंत. काही आवाज नाही. पुन्हा वळवलं. धर्मामामा चाकाशी कान लावून बसला होता, त्याने हात वर केला.

घरी आलो तेव्हा नातालीनबाई चर्चमधून, क्रुसाच्या वाटेची प्रार्थना करून आल्या होत्या. इनास हात लपवायला गेला, पण त्या दिवशी त्या घरात सगळ्यांचं लक्ष हातांकडेच होतं. त्यांनी मूठ उघडायला लावली. तळव्याच्या मधोमध चीर, रक्त सुकलेलं. त्या बघतच राहिल्या. मला वाटलं, आता बोलतील, शिव्या घालतील, मला उंबऱ्याबाहेर काढतील. त्यांनी हळद आणली, फडकं फाडलं, जखम बांधली. मग माझ्याकडे वळल्या.

"त्या पोरीला सुखरूप पोचव. आणि मला येऊन सांग. तुझी खबर येईपर्यंत ही पेटी मी उघडणार नाही. ईस्टर झाला तरी नाही."

"आय!" इनास म्हणाला. "सोमवारी गाड्या येऊन उभ्या राहतील."

"राहू देत उभ्या."

म्हणजे आता दोन घरांचा घोर माझ्या डोक्यावर.

रविवार, घाट

शनिवारी दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. शैलाने मडगार्डांना हात लावून बघितला, उजव्या कडेवरून बोट फिरवलं, म्हणाली, "हे कुणी केलं वेडंवाकडं?" मी म्हटलं, "नंतर सांगतो." कमळला दुपारपासून बारीक कळा येत होत्या.

रविवारी उजाडताच निघालो. मागे गादी, गादीवर कमळ, उशाशी शैला, पायाशी गणपत, त्याची आई आणि शेजारची एक बाई. नदीतून गेलो, गोटे मडगार्डांवर ताडताड बसले, काचेवर एकही आला नाही. मग घाट लागला. तो फाटक्या टायरचा कठडा आला तेव्हा कमळ कण्हत होती आणि गणपतची आई देवाचं नाव घेत होती.

"गप्प बसा जरा सगळे," मी ओरडलो. "मला ऐकू दे."

कमळसुद्धा गप्प झाली, बिचारी. मी स्टिअरिंग उजवीकडे पुरतं वळवलं. इंजिनाचा आवाज, टायरखालची खडी. बाकी काही नाही. वळण संपलं, कठडा मागे पडला, आणि माझ्या तोंडून इतका मोठा श्वास सुटला की मागून शैला म्हणाली, "तुम्हालाच कळा येताहेत की काय?"

इस्पितळात पोचल्यावर कमळला लगेच आत घेतलं. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. गणपतपेक्षा जास्त मीच. संध्याकाळी शैला बाहेर आली, तोंडावरचं फडकं खाली ओढलं, आणि हसली.

सोमवार, पुन्हा वसई

शैला म्हणाली, आधी झोपा. मी झोपलो नाही. नाशिकहून थेट वसईला आलो. इनासच्या अंगणात दोन जीपा आणि एक टेंपो उभे होते, मालक केळीच्या सावलीत चडफडत बसलेले. शेडमध्ये इनास बांधलेला हात मांडीवर ठेवून गप्प बसला होता. मला बघून तो उठला, पण विचारायचा धीर त्याला झाला नाही.

नातालीनबाई दारात आल्या.

"दोघी?" त्यांनी विचारलं. मुली झाल्या हे मी अजून सांगितलंही नव्हतं, तरी त्यांनी तसंच विचारलं.

"दोघी, आई. आणि कमळपण. तिघी सुखरूप."

त्यांनी डोळे मिटून कपाळाला, छातीला हात लावला. मग कमरेची किल्ली काढली. आतून कुलपाचा आवाज आला, पेटीचं झाकण करकरलं. बाहेर आल्या तेव्हा लुगड्याच्या ओच्यात तिन्ही हातोड्या होत्या. त्यातली मोठी त्यांनी इनासच्या डाव्या, धड हातात दिली.

"उजवा बरा होईपर्यंत डाव्याने मार," त्या म्हणाल्या. "लोक खोळंबलेत."

मला जेवूनच सोडलं. पेज नव्हे, ईस्टरचं मटण. निघालो तेव्हा शेडमधून ठोके सुरू झाले होते. डाव्या हाताचे, चुकत माकत. वाडीच्या टोकापर्यंत मला ते ऐकू येत होते. तिथे मी गाडी थांबवली आणि ते ऐकत थोडा वेळ बसून राहिलो.